हँडल गरगर फिरवायचंय? आधी वायरींचा हिशेब करा

गिअरवाल्या साध्या माउंटन बाईकच्या हँडलातून चार वायरी निघतात: पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, पुढचा गिअर, मागचा गिअर. बारस्पिन करताना उडी घेतल्यावर हँडल हातातून सोडून पूर्ण एक गरका द्यायचा असतो आणि चाकं जमिनीला लागायच्या आत परत पकडायचं असतं. टेलव्हिपमध्ये याच्या उलट. हँडल हातात राहतं आणि खालची फ्रेम मागच्या चाकासकट पायाने ढकलून त्याच्याभोवती फिरवायची. प्रकार दोन, अडचण एकच. हँडल आणि फ्रेम यांच्यात ३६० अंशांचा फेरा पडायला हवा आणि चार वायरी तो पडू देत नाहीत. निम्म्या वाटेवर त्या ताणतात, हँडल झटक्यात मागे येतं आणि गुडघ्यावर नाहीतर दातांवर बसतं.

माझं धुळ्याला देवपुरात सायकल दुरुस्तीचं दुकान. वडलांनी जन्मभर दूधवाल्यांच्या आणि पेपरवाल्यांच्या काळ्या सायकली सांभाळल्या. त्याच खुंट्यांवर आता डिस्क ब्रेकवाल्या लटकतात. कॉलेजची पोरं येतात, मोबाईल पुढे धरतात आणि "काका, आपलं बी असं फिरलं पाहिजे" म्हणतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी घरीच पक्कड घेऊन चारही वायरी छाटून आणलेल्या असतात. मी विचारतो, "भो, बिरेक कोठे शे?" तो नुसता हसतो. बिनब्रेकची सायकल मी दुकानाबाहेर सोडत नाही, त्यामुळे काम ब्रेकपासूनच सुरू होतं.

या चारांपैकी खरोखर आड येणाऱ्या वायरी किती, हे नीट समजलं तर निम्मा खर्च वाचतो. हँडल, स्टेम (हँडल धरणारा तुकडा), फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि पुढचं चाक हे सगळं एकत्र फिरतं. म्हणजे पुढच्या ब्रेकची दोन्ही टोकं सोबतच फिरतात. त्या वायरीला जास्तीची लांबी नको, फक्त फ्रेमला न अडणारा रस्ता हवा. पुढचा गिअर असल्या सायकलीवर ठेवायचाच नाही. राहिल्या दोन, मागचा ब्रेक आणि मागचा गिअर. हँडलला फ्रेमशी बांधून ठेवतात त्या या दोघीच. पैसे आणि डोकं त्यांच्यावर खर्च करायचं.

पाना हातात घेण्याआधी

सायकल शेडच्या पाइपाला दोरीने अशी टांगा की पुढचं चाक हवेत राहील. वायरी ब्रेकचे लिव्हर आणि शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) यांच्यासकट हँडलवरून सोडून बाजूला घ्या आणि हँडल हळूहळू पूर्ण फिरवून बघा. सस्पेन्शन फोर्कच्या खांद्यावर लॉकआउटचा किंवा प्रीलोडचा खटका असतो. बऱ्याच फ्रेममध्ये तो खालच्या जाड नळीला आपटतो. नुसता खटका आपटत असेल तर त्या फोर्कला सपाट झाकण मिळतं का ते बघा. फोर्कचा खांदाच आपटत असेल तर हेडसेटची, म्हणजे फ्रेमच्या मानेतल्या बेअरिंगची, खालची वाटी उंच बसवून थोडी जागा करता येते, तीही फ्रेमला तशी वाटी बसत असेल तरच. नाहीतर ती फ्रेम या कामाची नाही, एवढं मान्य करून थांबावं. ट्रेकच्या काही माउंटन बाईकमध्ये तर नॉक ब्लॉक नावाचा अडसर हेडसेटमध्येच दिलेला आहे. हँडल ठरावीक कोनापलीकडे वळूच नये, म्हणजे फोर्क फ्रेमला लागणार नाही, यासाठी तो कंपनीनेच बसवलेला असतो. तो काढून फ्रेमला पोचे पाडून घेण्यात अर्थ नाही.

याच वेळी हँडलची रुंदी बघा. आजकाल ७४० ते ७८० मिलिमीटरची हँडलं येतात. डोंगरउतारावर ती छान, पण गरका मारताना गुडघ्याला लागतात. ७०० च्या आसपास आणलं की फिरायला मोकळं होतं. दोन्ही बाजूंनी सारखं कापा, एका वेळी एक-एक सेंटिमीटर, आणि मध्ये चालवून बघा. कापलेलं परत जोडता येत नाही. टोकं कानशीने घासून त्यावर प्लग ठोका. उघडी नळी पोटात घुसते.

पुढचा ब्रेक

दोन रस्ते आहेत. पहिला, मैदानात जाताना ब्रेक काढून ठेवायचा. डिस्क ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे डिस्क चिमटणारा भाग, फोर्कला दोन बोल्टवर असतं आणि बऱ्याच लिव्हरची पकड उघडणारी असते. म्हणजे लिव्हर, होज (तेलाची नळी) आणि कॅलिपर अख्खं एकसंध निघतं, तेल काढावं लागत नाही. निघाल्यावर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी कोंबून रबर लावा. पिशवीत लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि मग संध्याकाळ त्यांना परत आत ढकलण्यात जाते. रस्त्यावर निघण्याआधी ब्रेक परत बसवायचा. आग्रा रोडच्या ट्रकांमध्ये नुसत्या मागच्या ब्रेकवर सायकल घालणं हे धाडस नव्हे. थांबवायची मोठी ताकद पुढच्या ब्रेकची असते, कारण ब्रेक दाबला की वजन पुढे येतं.

दुसरा रस्ता जरा कौशल्याचा आहे. होज फोर्कच्या पोकळ दांडीतून खाली न्यायचा. वरून स्टेमच्या टोपीतून आत, खाली फोर्कच्या खांद्याखालून बाहेर आणि तिथून कॅलिपरला. असं केलं की हँडल कितीही फिरवा, होज फ्रेमच्या वाटेतच येत नाही. त्यासाठी दांडीतला स्टार नट (टोपीचा बोल्ट ज्यात बसतो तो) काढावा लागतो. फोर्क सोडवा, वरून लांब सळई घालून हातोडीने नट खाली ठोकत न्या आणि खालून बाहेर काढा. त्याआधी फोर्कचा खांदा खालून उघडा आहे की बुजवलेला, हे बॅटरी मारून बघा.

मग हेडसेट घट्ट कसा राहणार, असं पोरं विचारतात. टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगवर योग्य दाब आणण्यापुरता असतो. तो दाब पुढे टिकवून ठेवतात ते स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट. स्टार नटऐवजी दांडीत बसणारा पोकळ बोल्टचा सेट मिळाला तर उत्तम, होज त्यातूनच जातो. नाही मिळाला तर स्टार नट असतानाच दाब लावून स्टेमच्या कडेला दांडीवर बारीक खूण करा आणि नट काढल्यावर स्टेम त्याच खुणेवर दाबून आवळा. पण मग दर वेळी चालवण्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवायची आणि हेडसेटला बोट लावून खडखड जाणवते का बघायची. माझं मत विचाराल तर पहिलं वर्षभर पहिलाच रस्ता बरा.

मागचा ब्रेक: लांब होज

इथे थोडं थांबून काम करा. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकलं तर अंगावर येतं.

सोपा उपाय असा की मागच्या ब्रेकचा होज इतका लांब ठेवायचा की हँडलने पूर्ण फेरा घेतला तरी तो स्टेमभोवती सैल गुंडाळला जाईल आणि ताणणार नाही. एकदा गरका मारला की उतरल्यावर पुढचं चाक उचलून हँडल उलट फिरवायचं आणि वेढा सोडवायचा, किंवा पुढची उडी उलट्या दिशेने घ्यायची. जगातले कितीतरी जण अशाच लांब वायरीवर चालवतात.

किती लांब, हे आकड्यात सांगायला मला आवडत नाही, कारण प्रत्येक फ्रेमची मान वेगळी. ढोबळमानाने आहे त्यापेक्षा दीड वीत जास्त धरा, पण कापायचं ते मोजूनच. पोरं सुतळीने मोजतात. सुतळी स्टेमला अंगाबरोबर चिकटते, होज ताठ असतो, तो तसा चिकटत नाही. सुतळीने मोजलेला होज हमखास कमी पडतो. आपल्याकडे त्यावर फुकटासारखा इलाज आहे. ठिबकच्या दुकानात जा आणि ६ मिलिमीटरची मायक्रोट्यूब अडीच-तीन मीटर मागा. खान्देशात ठिबकचं दुकान नाही असं मोठं गाव सापडायचं नाही. ब्रेकचा होज ५ मिलिमीटर जाड असतो आणि ही ट्यूब जवळपास तशाच ताठपणाने वळते.

लिव्हर हँडलवर जागेवर आवळून घ्या. ट्यूबचं एक टोक लिव्हरपाशी, होज जिथून निघतो तिथे, टेपने बांधा. आता फ्रेमवरची पहिली क्लिप मोकळी सोडून द्या. ती मानेच्या अगदी जवळ असते आणि तिथे होज अडकवला की वळायला जागाच उरत नाही. दुसऱ्या क्लिपमध्ये ट्यूब धरा, पण पक्की करू नका, सरकू द्या. हँडल तुम्ही ज्या बाजूला फेकता त्याच बाजूला हळू पूर्ण फिरवा. ट्यूब लागेल तेवढी आत ओढली जाईल. फेरा पूर्ण झाला की क्लिपपाशी मार्करने खूण करा, त्यावर चार बोटं जास्त धरा आणि दुसरी खूण करा. मग हँडल परत सरळ करा आणि सुटलेली ट्यूब कुठे लोंबते ते बघा. ती पुढे आणि वर फुगली पाहिजे. गुडघ्याच्या बाजूला फुगत असेल तर लिव्हर थोडा आत सरकवून किंवा होजचं तोंड वळवून पुन्हा मोजा. टेलव्हिप करणाऱ्याचा पाय या कमानीत अडकला तर सायकल आणि तो दोघं एकत्रच खाली येतात.

दुसऱ्या क्लिपपासून कॅलिपरपर्यंतचं अंतर यात मिळवलं की लागणारा होज निघाला. शिमानोच्या सायकलीसोबत येणारा मागचा होज बहुधा १७०० मिलिमीटरचा असतो, तोही फ्रेमच्या मापाने कापलेला. म्हणून नवा, लांब होज घ्यावा लागतो. जोड देऊन जुना वाढवायचा विचार मनात आणू नका.

होज धारदार पात्याने काटकोनात कापा, पक्कडने चिरडू नका. टोकात पितळी इन्सर्ट पूर्ण आत ठोकायचा, त्यावर ऑलिव्ह, म्हणजे दबून गळती थांबवणारं छोटं कडं, चढवायचा, मग लिव्हरमध्ये घालून ८ च्या पान्याने नट आवळायचा. शिमानोमध्ये ही घट्टाई ५ ते ७ न्यूटन-मीटर असते. ऑलिव्ह एकदा दबला की गेला, दर वेळी नवा लागतो, म्हणून दोन-चार जास्तीचे मागवून ठेवा.

मग तेल भरून हवा काढायची. शिमानो, टेक्ट्रो आणि मगुरा यांना मिनरल ऑइल लागतं, एसरॅमच्या बहुतेक जुन्या ब्रेकना डॉट तेल. ही सरमिसळ होता कामा नये. माझ्याकडे एका पोराची सायकल आली होती. गावातल्या एका गॅरेजवाल्याने मोटरसायकलचं डॉट-४ तिच्या मिनरलच्या ब्रेकमध्ये भरून दिलेलं. आतल्या रबरी सील फुगल्या होत्या, लिव्हर दाबला की परत यायचा नाही. लिव्हर-कॅलिपर दोन्ही बदलावं लागलं. डॉट तेल फ्रेमवर सांडलं तर रंगही खातं. कुठलं तेल हवं ते लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेवढं वाचायचं.

आपल्याकडच्या उन्हाची एक वेगळी भानगड आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि काळं लिव्हर उन्हात ठेवलं तर हात लावता येत नाही. तेल तापून फुगतं. टाकीत त्याला जागा नसेल तर ते पिस्टनना बाहेर रेटतं आणि पॅड डिस्कला घासायला लागतात. हे होतं ते झिजलेल्या पॅडवर तेल काठोकाठ भरल्यामुळे. पुढे नवे जाड पॅड बसवले की पिस्टन आत ढकलावे लागतात आणि तेलाला जागाच उरत नाही. म्हणून तेल भरताना पॅड काढून कॅलिपरमध्ये ब्लीड ब्लॉक (पिस्टन आत धरून ठेवणारा ठोकळा) ठेवा आणि काम सावलीत, सकाळच्या गारव्यात करा.

केबलवाला डिस्क ब्रेक किंवा व्ही-ब्रेक असेल तर काम स्वस्तात आणि लवकर होतं. लांब आउटर (बाहेरचं वेष्टन), लांब इनर (आतली तार), बस. मात्र आउटर ब्रेकचंच घ्या. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ बसवलेल्या असतात. ब्रेकचा जोर आला की ते फाटतं आणि लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकतो. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेले असतात आणि दिसायला सारखे, त्यामुळे टोक कापून आत बघा. ब्रेकच्या आउटरमध्ये पट्टीचे गोल वेढे दिसतील.

गायरो घ्यावा का

बीएमएक्सवाल्यांनी, म्हणजे कसरतीच्या छोट्या सायकलीवाल्यांनी, हा प्रश्न १९८० च्या दशकातच सोडवला. ओडिसी कंपनीचा गायरो तेव्हापासूनचा. हेडसेटवर बेअरिंगची एक चकती बसते. लिव्हरकडून आलेली केबल दोन फाट्यांनी तिच्या वरच्या कड्याला येते आणि मागच्या ब्रेककडे जाणारे दोन फाटे खालच्या कड्याला. लिव्हर दाबला की चकती वर उचलली जाते आणि खालची केबल ओढते. वरचं कडं हँडलसोबत फिरतं, खालचं फ्रेमसोबत स्थिर राहतं. कितीही गरके मारा, वेढा पडतच नाही.

कागदावर हे सुंदर आहे. माउंटन बाईकवर मात्र तीन ठिकाणी गाडी अडते. एक, खालचे फाटे धरायला फ्रेमच्या मानेवर छिद्रांचे कान लागतात. बीएमएक्सला ते असतात, आपल्या फ्रेमला नसतात, म्हणून हेडसेटखाली बसणारी वेगळी प्लेट घ्यावी लागते आणि ती तुमच्या हेडसेटच्या मापाचीच हवी. दोन, लिव्हर. बीएमएक्सचे लिव्हर केबल कमी ओढतात. व्ही-ब्रेक आणि माउंटन बाईकचे केबल डिस्क यांना जास्त ओढ लागते. जोडी चुकली तर लिव्हर मऊ लागेल, हँडलपर्यंत येईल आणि चाक मात्र थांबणार नाही. तीन, चकती अगदी सपाट उचलली गेली पाहिजे. एका बाजूची केबल अर्धा मिलिमीटर जरी ताठ असली तरी ती तिरकी होते, फडफडते आणि ब्रेक मिळमिळीत होतो. चारही ॲडजस्टर थोडे थोडे फिरवत ती पातळीत आणणं हे चिकाटीचं काम आहे आणि पडल्यावर ते परत करावं लागतं.

तेलाच्या ब्रेकला साधा गायरो चालतच नाही. जर्मनीच्या ट्रिकस्टफने ट्रिक्सर नावाचा फिरता सांधा काढला होता, त्यातून तेलच फिरत्या जोडातून जातं. वस्तू हुशारीची, पण आपल्या खिशाची नव्हे. ज्याला एकाच दिशेने लागोपाठ दोन-तीन गरके मारायचे आहेत त्याने गायरोचा विचार करावा. पहिला बारस्पिन अजून बसायचाय त्याने लांब होज लावावा आणि वाचलेल्या पैशात हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घ्यावेत.

शिफ्टरचं काय करायचं

पोरांचा जीव गिअरमध्ये अडकलेला असतो. २१ गिअरची म्हणून घरच्यांकडून हट्टाने घेतलेली सायकल, त्यातले २० काढायचे म्हटलं की चेहरा पडतो. पण उड्यांच्या मैदानावर गिअर बदलायला वेळच नसतो. एकच गिअर लागतो आणि तो सुटता कामा नये.

ब्रेकसारखी गिअरची वायरही लांब करू, असं वाटतं. चालत नाही. शिफ्टरचा एकेक टप्पा केबल जेमतेम दोन-तीन मिलिमीटर ओढतो. ताठ आउटरला वेढा पडला की त्यातल्या त्यात तेवढा फरक पडतो आणि चेन मध्येच दात बदलते. उडीच्या तोंडावर जोर मारताना चेन घसरली तर काय होतं ते वेगळं सांगत नाही.

सगळ्यात स्वस्त तोड अशी. दोन्ही शिफ्टर आणि पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) काढून टाका, मागचा डिरेलर तसाच राहू द्या. चेन पुढे मधल्या चकतीवर घ्या. मागे असा दात (मागची दातेरी चकती) निवडा की पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचे साधारण दोन फेरे होतील. पुढच्या चकतीला ३२ दात तर मागे १६, पुढे ३४ असेल तर १६ किंवा १८. आता जुन्या गिअर केबलचा मुंडीकडचा वीतभर तुकडा कापा. तो डिरेलरच्या मागच्या ॲडजस्टरमधून आत घाला, म्हणजे केबलची मुंडी ॲडजस्टरच्या तोंडात अडकून बसेल. डिरेलर हाताने दाबून निवडलेल्या दातासमोर आणा, तुकडा पक्कडने ताणा आणि केबल धरणारा बोल्ट आवळा. पॅडल फिरवत ॲडजस्टर थोडा थोडा मागे-पुढे करा. चेनचा आवाज पूर्ण बंद झाला की जागा बरोबर. त्यानंतर दोन्ही लिमिट स्क्रू जातील तेवढे आत घ्या, म्हणजे डिरेलरला दोन्ही बाजूंना हलायला वाव राहणार नाही. शेवटी चेनच्या चार-सहा कड्या कमी करून ती ताठ करा. झाला एक गिअर. गिअरची एकही वायर फ्रेमवरून हँडलकडे जात नाही आणि खर्च शून्य.

यात कमी एकच, उतरल्यावर चेन उडते आणि मागच्या नळीवर आपटते. १६ मिलिमीटरच्या ठिबक नळीचा तुकडा लांबीत चिरून नळीवर चढवा आणि दोन केबल टाय मारा. आवाजही जातो, रंगही वाचतो.

पुढे खरंच रस लागला तर डिरेलरही काढायचा. मागचं हब कॅसेटचं (सरकवून काढता येणाऱ्या चकत्यांच्या संचाचं) असेल तर कॅसेट उतरवून एकच दाता ठेवायचा आणि उरलेली जागा स्पेसरने भरायची. जुन्या कॅसेटचे स्पेसर पुरले नाहीत तर सव्वा इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे कापा. पाइपात जाडीचे प्रकार असतात, म्हणून चाक घेऊनच दुकानात जा आणि फ्रीहबवर सरकतो तोच पाइप घ्या. कापलेली कड सपाट नसेल तर दाता डुलतो, तेव्हा काच ठेवून त्यावर सँडपेपरवर घासा. स्वस्त सायकलीत बहुधा पेचाचं फ्रीव्हील असतं. ते त्याच्या खाचेच्या पान्याने सोडवून १६ किंवा १८ दात्यांचं एकेरी फ्रीव्हील बसवता येतं. काळ्या सायकलीचंही चालतं, पण त्याचा दाता जाड असतो. त्यावर गिअरची अरुंद चेन बसणार नाही, रुंद चेन घ्यावी लागते. पुढची चकती आणि मागचा दाता एका रेषेत आहेत का हे सरळ पट्टी लावून बघा. रेष चुकली तर चेन उतरणारच.

चाक सरकवून चेन ताणता येईल अशा आडव्या खाचा आपल्या फ्रेमला सहसा नसतात, उभ्या असतात. म्हणून डिरेलर काढला तरी चेन ताणणारा टेन्शनर हवाच. क्रँकच्या जादा चकत्या काढताना आधी त्या बोल्टच्या आहेत की रिबिटच्या ते बघा. रिबिटच्या असतील तर हात लावू नका, तशाच राहू द्या.

गिअर ठेवायचेच असा ज्याचा हट्ट आहे त्याने साधा बिनटप्प्यांचा अंगठ्याचा शिफ्टर घेऊन तो सीटच्या दांडीवर बसवावा. शिफ्टरची पकड हँडलच्या २२.२ मिलिमीटरच्या मापाची असते, दांडी त्याहून जाड. लाइट लावायला एक आडवा तुकडा मिळतो, तो दांडीला बांधून त्यावर शिफ्टर बसतो. गिअर बदलायला हात खाली न्यावा लागतो, पण तोरणमाळचा घाट चढून वर उड्या मारणाऱ्याला हे सोयीचं. आणि एसरॅमने २०१९ साली बिनवायरीचे ईगल ॲक्सेस गिअर काढले, त्यात प्रश्नच मिटतो. त्या किमतीत माझ्या दुकानात आख्ख्या सायकली येतात, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही.

लिव्हर आणि तपासणी

लिव्हर ग्रिपपासून आत सरकवा, इतका की नुसती तर्जनी त्याच्या टोकावर येईल. हँडल परत पकडताना बोटं लिव्हरवर न पडता ग्रिपवर पडली पाहिजेत. पकडीचा बोल्ट मरेस्तोवर आवळू नका. ब्रेक दाबताना हलणार नाही पण पडल्यावर फिरेल, एवढाच. घट्ट लिव्हर तुटतो, सैलसर लिव्हर वळून वाचतो. स्टेमच्या बोल्टचं उलटं, ते त्यावर लिहिलेल्या घट्टाईलाच आवळायचे.

आता सायकल पुन्हा टांगा. मागचं चाक हाताने जोरात फिरवा आणि ते फिरत असताना हँडल सावकाश गरकवा. चाक कुठेही मंदावता कामा नये. केबलचा ब्रेक असेल आणि फेऱ्याच्या शेवटी चाक घासत असेल तर आउटर कमी पडतंय. नंतर पाव फेरा, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा प्रत्येक जागी थांबून लिव्हर दाबा. चारही ठिकाणी चाक सारखंच थांबलं पाहिजे. होज स्टेमच्या बोल्टवर घासतोय का ते बघा. घासत असेल तर तिथे मायक्रोट्यूबचा तुकडा चिरून चढवा. फ्रेमवरचे केबल टाय होजला चिमटतील इतके ओढू नका.

नवे पॅड असतील तर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन हळूहळू थांबायचं, पूर्ण न थांबता परत वेग घ्यायचा, असं वीसेक वेळा करा, तेव्हा ते पकडायला लागतात. सराव मुरमाच्या जागेवर करा. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि चाक त्यात अडकतं, पावसाळ्यात तर बोलायलाच नको. पहिल्या आठवड्यानंतर होजचा नट, स्टेम आणि डिरेलरचा केबल-बोल्ट परत एकदा बघा. नवी केबल थोडी बसतेच.

काढलेले शिफ्टर, कॅसेट, पुढचा डिरेलर एका पिशवीत बांधून ठेवा. एकेरी दात्याची माउंटन बाईक धुळ्यात विकायला काढली की गिऱ्हाईक आधी गिअरच विचारतं, आणि पिशवी दाखवली की सौदा पुढे सरकतो.